चुंबकीय पुनर्जोडणी
चुंबकीय पुनर्जोडणी : परस्परविरुद्ध दिशांची चुंबकीय क्षेत्रे वाहून आणणारे आयनद्रायूचे (विद्युत् भारित कणांच्या, पण एकंदरीत विद्युत् दृष्ट्या उदासीन असलेल्या वायूचे) दोन प्रवाह एकमेकांना भिडले म्हणजे त्यांच्या सीमेवरील एका अरुंद पट्ट्यात चुंबकीय बलरेषा तुटतात व नव्या रीतीने परस्परांशी जोडल्या जातात. त्याबरोबर चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा कणांची गती व उष्णता या रूपांत मोकळी होते. या प्रक्रियेस चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. सौर उज्ज्वाला, पृथ्वीवरील चुंबकीय वादळे व ध्रुवीय प्रकाश यांच्या मुळाशी ही प्रक्रिया असल्याचे आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. तथापि बलरेषा तुटण्यासाठी त्या जागी जे विद्युत् क्षेत्र असावे लागते, ते कशाच्या आधारावर टिकते, हा प्रश्न ही कल्पना मांडली गेल्यापासून सत्तरांहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांपुढे होता.

पार्श्वभूमी : १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लिश ज्योतिर्विद रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौर डागांच्या एका समूहावर काही मिनिटे टिकलेला अतिशय प्रखर प्रकाश दिसला. त्यानंतर सु. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या वेळी चुंबकमापकाचे वाचन डोळ्यांनी करून नोंदवहीत लिहीत असत. तेथील २ सप्टेंबरच्या नोंदींत भूचुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सु. १,६०० नॅनोटेस्ला इतकी घट आढळते. त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज करताना आजही या नोंदींचा आधार घेतला जातो. सूर्यावरील स्फोटात इतकी ऊर्जा इतक्या थोड्या वेळात कशी मोकळी होते आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे कवच भेदून तिचा प्रभाव आत कसा पोहोचतो, हे दोन प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिले. दोहोंचे उत्तर एकच असेल, असे त्या काळी कोणास वाटण्याचे कारण नव्हते.

ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ रॉनल्ड जोव्हानेल्ली यांनी १९४६ मध्ये पहिल्या प्रश्नाला नवी दिशा दिली. उज्ज्वाला बहुधा गुंतागुंतीच्या चुंबकीय रचनेच्या डागांजवळ होतात, हे त्यांनी निरीक्षणांवरून दाखविले होते. निरनिराळ्या डागांची क्षेत्रे जेथे एकमेकांस रद्द करतात, अशा उदासीन बिंदूंच्या आसपास कणांना अडविणारे चुंबकीय क्षेत्र नसते. त्यामुळे तेथे विद्युत् क्षेत्र कणांना मुक्तपणे प्रवेगित करू शकेल, असे त्यांनी सुचविले. केंब्रिज येथील फ्रेड हॉइल यांनी हीच कल्पना ध्रुवीय प्रकाशाला लागू पडेल काय, हे तपासण्याचे काम जेम्स डंगी या आपल्या विद्यार्थ्याकडे सोपविले. डंगी यांनी १९५३ मध्ये असे दाखविले की, उदासीन बिंदूजवळील क्षेत्र स्थिर राहू शकत नाही. तेथे विद्युत् प्रवाहाचा एक पातळ पडदा तयार होतो आणि त्यात बलरेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात.

गोठलेल्या बलरेषा : या विचाराच्या आड एक बलवत्तर सिद्धांत येत होता. स्वीडिश शास्त्रज्ञ हानेस आल्फव्हेन यांनी १९४०–५० या दशकाच्या प्रारंभी चुंबकीय द्रवगतिकीचा पाया घातला (या कार्याबद्दल त्यांना १९७० मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले). द्रायू परिपूर्ण संवाहक असेल, तर त्याच्याबरोबर वाहत जाणाऱ्या निरीक्षकाला विद्युत् क्षेत्र शून्यच आढळले पाहिजे. द्रायूबरोबर वाहणाऱ्या कोणत्याही कड्यातून जाणारा चुंबकीय स्रोतही मग बदलू शकत नाही. म्हणजे बलरेषा जणू द्रायूत गोठलेल्या असतात : द्रायू जाईल तिकडे त्या जातील, ताणल्या जातील, पिळल्या जातील, पण तुटणार नाहीत. अवकाशातील आयनद्रायू तांब्यापेक्षाही चांगला संवाहक असल्यासारखा वागतो. मग त्यात बलरेषा तुटाव्यात कशा?

यास पहिले उत्तर देण्यात आले ते विद्युत् रोधाचे. १९५६ मध्ये स्टॉकहोम येथील परिसंवादात ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर स्वीट यांनी व पुढील वर्षी अमेरिकेतील यूजीन पार्कर यांनी अशी मांडणी केली की, दोन विरुद्ध क्षेत्रे एकमेकांवर दाबली गेल्यास मधला पडदा इतका पातळ होतो की, अत्यल्प रोधही तेथे प्रभावी ठरतो. विचार निर्दोष होता. हिशोब मात्र जुळेना. पडदा लांबच लांब व कमालीचा पातळ असल्याने त्यातून द्रायू बाहेर पडण्यास फार वेळ लागे. सूर्याच्या किरीटातील (सर्वांत बाहेरच्या वातावरणातील) परिस्थिती धरली असता एक उज्ज्वाला पूर्ण होण्यास अनेक महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागावयास हवा. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत भडकते. हॅरी पेटशेक यांनी १९६३ मध्ये या अडचणीतून वाट काढली. लांब पडद्याऐवजी त्यांनी एक छोटासा मध्यवर्ती प्रदेश व त्याच्या दोन्ही बाजूंस पाचरीसारखे पसरणारे आघात तरंग कल्पिले. बहुतेक ऊर्जा या तरंगांतच रूपांतरित होत असल्याने वेग भरपूर वाढला व दोन दशके ही प्रतिकृती प्रमाण मानली गेली. पण १९८६ मध्ये डीटर बिसकांप यांच्या संगणकीय परीक्षणात असे आढळले की, रोध सर्वत्र सारखा असेल, तर पेटशेक यांची रचना उद्‌भवतच नाही. पडदा पुन्हा लांबतो व प्रक्रिया मंदावते. मध्यवर्ती प्रदेशात काहीतरी वेगळे घडते, असे गृहीत धरणे भाग पडले. ते काय, हे कोणी सांगितलेले नव्हते.

पृथ्वीचे चुंबकांबर : दरम्यान डंगी यांनी १९६१ मध्ये हा विचार पृथ्वीकडे वळविला. सूर्यापासून सतत वाहणारा सौरवात सु. ४०० किमी. प्रती सेकंद या वेगाने येतो आणि भूचुंबकीय क्षेत्राला दाबून त्याभोवती एक पोकळी तयार करतो. तिला चुंबकांबर म्हणतात. सूर्याच्या बाजूस चुंबकांबराची सीमा पृथ्वीपासून सु. १० भूत्रिज्यांवर असते. तेथे भूचुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असते. सौरवाताबरोबर आलेले क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल, तर दोन्ही क्षेत्रे परस्परविरुद्ध होऊन सीमेवर पुनर्जोडणी होते. एक टोक पृथ्वीत व दुसरे सौरवातात, अशा झालेल्या बलरेषा ध्रुवांवरून मागे ओढल्या जातात, रात्रीच्या बाजूस चुंबकांबराचे लांब पुच्छ बनते आणि त्या पुच्छाच्या मध्यभागी दुसरी पुनर्जोडणी होऊन बलरेषा पुन्हा पृथ्वीकडे परततात. अवघ्या दोन पानांच्या निबंधात मांडलेले हे अभिसरण आज डंगी चक्र या नावाने ओळखले जाते. डॉनल्ड फेअरफील्ड व लॉरेन्स कॅहिल यांनी १९६६ मध्ये एक्सप्लोरर–१२ उपग्रहाच्या मापनांवरून दाखविले की, बाहेरचे क्षेत्र दक्षिणाभिमुख असते तेव्हा जमिनीवरील चुंबकीय क्षोभ वाढतो व ते उत्तराभिमुख होताच शमतो. कार्यकारणसंबंध असा सूचित झाला, तरी पुनर्जोडणी प्रत्यक्ष घडताना पाहणे वेगळे होते.

पृथ्वीजवळ रोधाची अडचण अधिकच तीव्र होते. येथील आयनद्रायू इतका विरळ असतो की, सौरवातातील एक कण दुसऱ्या कणावर आदळण्यापूर्वी सरासरीने पृथ्वी व सूर्य यांतील अंतराएवढे अंतर काटतो. टकराच नाहीत, तेथे रोध कोठला? आणि रोध नसेल, तर उदासीन रेषेवर विद्युत् क्षेत्र टिकणार कसे? क्षेत्र लावताच इलेक्ट्रॉन निर्वेध धावू लागतील, विद्युत् प्रवाह वाढेल व विद्युत् क्षेत्र नष्ट होईल.

या टप्प्यावर सर्वांत कडक टीका आली ती खुद्द आल्फव्हेन यांच्याकडून. बलरेषा गोठलेल्या असतात ही कल्पना त्यांचीच. पण नोबेल व्याख्यानात व पुन्हा १९७६ मधील एका निबंधात ती फसवी असल्याचा इशारा त्यांनी दिला. बलरेषा ही आकृती काढण्याची सोय आहे, ती वस्तू नव्हे. म्हणून तिचे सरकणे किंवा तुटणे यांबद्दल बोलणे निरर्थक असून विद्युत् क्षेत्रे, प्रवाह व मंडले यांच्या भाषेतच विचार केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुनर्जोडणीचा सिद्धांतच त्यांनी त्याज्य ठरविला. हा निकाल पुढे टिकला नाही. तथापि विद्युत् क्षेत्र कोठून येते ते दाखवा, ही त्यांच्या टीकेमागील मागणी रास्तच होती आणि पुढील संशोधन वस्तुतः तीच पुरी करण्याच्या दिशेने झाले.

इलेक्ट्रॉनांचा दाब : आल्फव्हेन यांचा निबंध प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षीच, १९७५ मध्ये, व्हितेनिस वसिल्यूनस यांनी या प्रश्नाचे सैद्धांतिक उत्तर एका विस्तृत समीक्षेत नोंदवून ठेवले होते. इलेक्ट्रॉनांच्या गतीचे समीकरण लिहिले असता विद्युत् क्षेत्राला तोलून धरू शकणारी पदे मोजकीच निघतात : टकरांमुळे येणारा रोध, चुंबकीय क्षेत्र व प्रवाह यांच्या संयोगाने उद्‌भवणारे हॉल पद, इलेक्ट्रॉनांची निरूढी (जडत्व) व त्यांच्या दाबातील बदल. रोध नाही. उदासीन रेषेवर चुंबकीय क्षेत्रच शून्य असल्याने हॉल पदही तेथे शून्य होते. दोन्ही बाजूंनी येणारे प्रवाह समान असतील, तर ज्या रेषेवर क्षेत्र शून्य असते तेथेच प्रवाहही स्तब्ध असतो. मग स्थिर अवस्थेत निरूढीचे पदही गळते. शेवटी उरतो तो दाब.

पण हा दाब नेहमीच्या अर्थाचा नव्हे. सामान्य वायूत दाब सर्व दिशांना सारखा असतो. चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉन बलरेषेभोवती मळसूत्राकार फिरत असल्याने बलरेषेच्या दिशेतील दाब व तिच्याशी काटकोनातील दाब वेगळे असू शकतात. मात्र काटकोनातील सर्व दिशांना तो समानच राहतो, कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन वर्तुळ पुरे करताना त्या सर्व दिशांतून जातो. उदासीन रेषेजवळ ही समानता मोडते. तेथील क्षेत्र इतके क्षीण असते की, इलेक्ट्रॉनाला एकही वर्तुळ पुरे करता येत नाही. तो पडद्याच्या आरपार नागमोडी वळणे घेत जातो. अशा वेळी दाब एका संख्येने सांगता येत नाही, तो नऊ घटकांच्या प्रदिशाने सांगावा लागतो व त्या प्रदिशाचे कर्णाबाहेरील घटक शून्य राहत नाहीत. हे घटक म्हणजे एका दिशेतील संवेगाची दुसऱ्या दिशेत होणारी वाहतूक होय. पडद्यात शिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाजवळ प्रवाहाच्या दिशेतील संवेग नसतो. आत असेपर्यंत विद्युत् क्षेत्र त्याला तो संवेग देते व काही काळाने तो इलेक्ट्रॉन संवेगासह बाहेर पडतो. विहिरीवरील रहाटाची गाडगी रिकामी खाली येतात व भरून वर जातात. कणा कितीही गुळगुळीत असला, तरी बैलाला जोर लावावाच लागतो, कारण भार सतत बाहेर नेला जात असतो. येथेही टकरांशिवाय रोधासारखा परिणाम घडतो आणि विद्युत् क्षेत्र टिकून राहते. इलेक्ट्रॉन प्रवेगक प्रदेशात मर्यादित काळच राहतो व त्यामुळे टकरांविना संवाहकता मर्यादित होते, हे डंगी यांचे विद्यार्थी थिओडोर स्पायझर यांनी १९७० मध्येच दाखविले होते.

वसिल्यूनस यांचे विवेचन बराच काळ कागदावरच राहिले, कारण ते पडताळण्याजोगी उपकरणे नव्हती. त्याआधी पुनर्जोडणी खरोखर होते की नाही, हेच सिद्ध व्हावयाचे होते. १९७७ मध्ये सोडलेल्या आयसी–१ व आयसी–२ या जोड उपग्रहांनी ८ सप्टेंबर १९७८ रोजी चुंबकांबराची सीमा ओलांडताना सिद्धांताने सांगितलेल्या वेगाचे आयनद्रायूचे झोत टिपले. गॉट्झ पाश्मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निरीक्षणानंतर विरोध पुष्कळसा मावळला. त्याच वर्षी बेंग्ट सोनेरुप यांनी मध्यवर्ती प्रदेशाची दुपदरी रचना सुचविली. प्रोटॉन इलेक्ट्रॉनाच्या सु. १,८३६ पट जड असल्याने त्यांची वर्तुळे मोठी असतात व ते बलरेषांपासून आधी सुटतात. इलेक्ट्रॉन मात्र आणखी आतपर्यंत बलरेषांना धरून राहतात. या फरकामुळे हॉल प्रवाह वाहतात व त्यांपासून चार पाकळ्यांच्या आकाराचे एक चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जिओटेल व विंड (२००१) आणि पोलर (२००२) या अवकाशयानांच्या मापनांत ही खूण स्पष्टपणे आढळली. २००१ मध्येच निरनिराळ्या गटांनी एकच उदाहरण वेगवेगळ्या संगणकीय प्रतिकृतींनी सोडवून तुलना केली. हॉल परिणाम अंतर्भूत असलेल्या सर्व प्रतिकृतींनी जवळजवळ सारखाच, म्हणजे आल्फव्हेन वेगाच्या (चुंबकीय क्षेत्र व घनता यांवरून ठरणाऱ्या तरंगवेगाच्या) सु. एकदशांश इतका, जलद वेग दिला; केवळ रोध धरणारी प्रतिकृती मागे पडली.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हॉल परिणामामुळे पुनर्जोडणी जलद होते, पण बलरेषा त्यामुळे तुटत नाहीत. त्या फक्त आयनांऐवजी इलेक्ट्रॉनांना बांधल्या जातात. पडद्याकडे रोखलेले हॉल विद्युत् क्षेत्र मोठे असते, प्रती मीटर दहा मिलिव्होल्ट व त्याहूनही अधिक. प्रत्यक्ष पुनर्जोडणी घडविणारे, प्रवाहाच्या दिशेतील विद्युत् क्षेत्र त्याच्या मानाने क्षुल्लक, प्रती मीटर एकदोन मिलिव्होल्टच्या घरातील असते. मापनाची खरी अडचण हीच होती. मोठ्या क्षेत्राच्या दिशेचा अंदाज थोडा चुकला, तरी लहान क्षेत्र त्यात हरवून जाते.

२००० मध्ये कार्यान्वित झालेल्या क्लस्टर या चार यानांच्या योजनेला येथे मर्यादा पडल्या. तिच्या विद्युत् क्षेत्रमापकांना दोनच दिशांतील घटक थेट मोजता येत आणि इलेक्ट्रॉनांचे संपूर्ण चित्र मिळण्यास यानाची एक गिरकी, म्हणजे सु. ४ सेकंद, लागत. सूर्याकडील सीमेवर इलेक्ट्रॉनांच्या विसरण प्रदेशाची जाडी काही किमी. इतकीच असते व सीमा स्वतः प्रती सेकंद दहादहा किमी. वेगाने मागेपुढे हलत असते. तेवढ्या वेळात तो प्रदेश यानावरून निघूनही जाई.

मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल मोहीम : अमेरिकेच्या नासा संस्थेने १२ मार्च २०१५ रोजी केप कॅनॅव्हरल येथून सोडलेली चार एकसारखी याने याच अडचणी डोळ्यांपुढे ठेवून बनविली होती. मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ सॅन अँटोनिओ येथील साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचे जेम्स बर्च हे होते. प्रत्येक यानाच्या कडेला ६० मी. लांबीच्या चार तारा व अक्षाच्या दिशेने दोन दांडे असल्याने विद्युत् क्षेत्र तिन्ही दिशांत मोजता येई. यानाच्या गिरकीची वाट न पाहता सर्व बाजूंना बसविलेल्या मापकांनी इलेक्ट्रॉनांचे चित्र दर ३० मिलिसेकंदांस टिपले जाई. चार याने चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर एकमेकांपासून सु. १० किमी. अंतरावर, नंतर सु. ७ किमी.वर, ठेवली गेली. दाब ठिकठिकाणी किती बदलतो हे काढण्यास चार बिंदू आवश्यक असतात. माहितीचा ओघ एवढा मोठा होता की, त्याचा थोडाच भाग पृथ्वीवर पाठविणे शक्य होते. कोणता भाग ठेवावयाचा याची निवड पाळीपाळीने शास्त्रज्ञच करीत.

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी ही याने चुंबकांबराच्या सीमेवरील इलेक्ट्रॉन विसरण प्रदेशातून गेली. तेथे इलेक्ट्रॉनांच्या वेगांचे वितरण गोलाकार न राहता चंद्रकोरीसारखे झालेले आढळले. वर्तुळ पुरे न करू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून हेच अपेक्षित होते व मायकेल हेसे आणि इतरांनी २०१४ मध्ये ते भाकीतही केले होते. मात्र रॉय टॉरबर्ट व सहकाऱ्यांनी समीकरणातील पदे एकेक करून मोजली, तेव्हा दाब व निरूढी ही दोन्ही महत्त्वाची ठरली, पण त्यांची बेरीज करूनही ३० ते ५० टक्के शिल्लक उरली. या सीमेवर एका बाजूस दाट व दुसऱ्या बाजूस विरळ द्रायू असल्याने उदासीन रेषा व प्रवाहाची स्तब्ध रेषा एकत्र येत नाहीत आणि परिस्थिती गुंतागुंतीची होते.

स्वच्छ परीक्षा पुच्छात होणार होती. तेथे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असतात आणि द्रायू विरळ असल्याने इलेक्ट्रॉनांचा प्रदेशही काही दशक किमी. जाड असतो. ११ जुलै २०१७ रोजी, पृथ्वीपासून सु. २२ भूत्रिज्यांवर, याने अशा प्रदेशातून गेली. इलेक्ट्रॉनांचे झोत सेकंदाला १५,००० किमी.पेक्षाही अधिक वेगाचे होते. आसपास खळबळ असूनही इलेक्ट्रॉनांची गती बरीचशी सुरळीत होती. पुनर्जोडणीचे विद्युत् क्षेत्र प्रती मीटर २ ते ३ मिलिव्होल्टच्या आसपास भरले. यान एगेडाल व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या मापनांची संगणकीय प्रतिकृतीशी सांगड घालून दाखविले की, त्या क्षेत्राला तोलणारे पद म्हणजे इलेक्ट्रॉन-दाब प्रदिशाचे कर्णाबाहेरील घटक होत. वसिल्यूनस यांच्या विवेचनाला तेव्हा ४४ वर्षे झाली होती.

या निष्कर्षाची व्याप्ती मात्र जपून सांगावी लागते. तो पुच्छातील शांत, जवळजवळ द्विमितीय परिस्थितीतील एका घटनेबाबतचा आहे. सूर्याकडील सीमेवरील शिलकेचा काही भाग मापनातील त्रुटींचा असावा. तरंगांमुळे व खळबळीमुळे येणाऱ्या आभासी रोधाचा त्यात कितपत हात आहे, याविषयी मतभेद आहेत. शिवाय टाय फान व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच यानांच्या मापनांवरून चुंबकांबराच्या सीमेबाहेरील खळबळीच्या पट्ट्यात पुनर्जोडणीचा एक निराळाच प्रकार दाखवून दिला. त्यात इलेक्ट्रॉनांचे झोत असतात, पण आयनांचे झोत मुळीच नसतात. पडदे इतके लहान व अल्पकाळ टिकणारे असतात की, जड आयनांना प्रतिसाद देण्यास अवसरच मिळत नाही.

व्यवहारात या संशोधनाला महत्त्व आहे ते चुंबकीय वादळांमुळे. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा कोलमडून सु. ६० लाख लोक सु. ९ तास विजेवाचून राहिले. सौरवातातील क्षेत्र दक्षिणाभिमुख आहे किंवा कसे, हे पृथ्वीपासून सु. १५ लाख किमी.वरील यानांकडून कळल्यानंतर वादळ येण्यास तासाभराहून अधिक अवधी क्वचितच मिळतो. त्या अवधीत किती ऊर्जा आत शिरेल याचा अंदाज करावयाचा, तर सीमेवरील पुनर्जोडणीचा वेग माहीत असावा लागतो आणि तो वेग म्हणजेच उदासीन रेषेवरील त्या अल्पशा विद्युत् क्षेत्राचे मूल्य होय.